काच खडबडीत होत नाही

स्पर्श जाणवून देणाऱ्या पडद्यांचा विषय निघाला की काचेवर सूक्ष्म उंचवटे उगवतात किंवा बोटाला विजेचे हलके झटके बसतात, असे हमखास सांगितले जाते. डिस्नेच्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेल्या ‘टेस्लाटच’ या स्पर्शपडद्याच्या तंत्राबाबतीत यांपैकी काहीही खरे नाही. त्याचा पृष्ठभाग सपाटच राहतो. काचेवरील पारदर्शक विद्युतवाहक थराला बदलता विद्युतदाब दिला की, त्यावरच्या विद्युतरोधक थरामुळे झटका बसत नाही, मात्र बोट पडद्याकडे किंचित ओढले जाते आणि घर्षण क्षणोक्षणी कमी-जास्त होते. सरकत्या बोटाला हाच फरक खरखरीसारखा भासतो. बोट स्थिर ठेवले तर काहीच जाणवत नाही, आणि नेमकी हीच अट सांगोवांगीत गळून पडते. त्यामुळे टेकवून ठेवलेल्या बोटाला पडद्यावरच्या बटणाची कड चाचपता येत नाही.

यामागचे तत्त्वही नवे नाही. दिवा चालू असताना त्याचा पितळी होल्डर बोटाला कमी गुळगुळीत लागतो, हे एडवर्ड मॅलिंक्रॉट यांच्या लक्षात आले होते. त्यांचा व सहकाऱ्यांचा त्यावरील शोधनिबंध १९५३ मध्येच ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला.