कोरिया, १९४० : कुटुंबनावाची नोंद कोणी, कुठे, कशी करायची होती

जपानी राजवटीने कोरियातल्या प्रत्येक घराला कुटुंबनाव, म्हणजे जपानी पद्धतीचं सगळ्या घराचं एकच आडनाव, ठरवून कळवायला लावलं. अंमल ११ फेब्रुवारी १९४० पासून, मुदत सहा महिने, म्हणजे १० ऑगस्टपर्यंत.

नोंद करायची ती कुटुंबप्रमुखाने (होजू); तो सज्ञान नसेल तर त्याच्या कायदेशीर पालकाने. शहरात नगरप्रमुखाकडे, खेड्यापाड्यात 'उप' (छोटं शहर) किंवा 'म्यॉन' (खेड्यांचा गट) यांच्या कार्यालयाच्या प्रमुखाकडे. याला शुल्क नव्हतं. जपानी सम्राटांची नावं मात्र घेता येत नसत, आणि दुसऱ्या कोरियन कुळाचं नावही नाही. किमांना पाक होता येत नसे. बऱ्याच किम घरांनी आपलं चिनी अक्षर (जपानीत 'काने') राखून कानेदा, कानेमोतो अशी नावं लावली. व्यक्तिनाव बदलणं हा निराळा, ऐच्छिक अर्ज होता. त्याला न्यायालयाची परवानगी आणि माणशी ५० सेन (अर्धा येन) लागत.

नोंद केलीच नाही तर? खरी मेख इथेच आहे. मुदत संपताच प्रमुखाचं कुळनाव आपोआप कुटुंबनाव ठरलं. घरातल्या पुरुषांचं यात काही बदललं नाही, बायकांचं बदललं. कोरियन रीतीत लग्नानंतरही स्त्री वडिलांचंच कुळनाव लावते. किमांच्या घरी नांदणारी पाकांची लेक आता कागदोपत्री किम झाली. विधवा स्वतः प्रमुख असली तरी घराला आधीच्या पुरुष प्रमुखाचं नाव लागलं. गप्प बसूनही सुटका नव्हती. सरकार सक्ती नाही म्हणत राहिलं, पण मुलांच्या शाळाप्रवेशापर्यंत दबाव पोचला, आणि मुदतीअखेर सुमारे ८० टक्के घरांनी नोंद केली.

नोंदवहीत जुनं कुळनाव आणि बोनग्वान, म्हणजे कुळाचं मूळ गाव (आपल्या गोत्रासारखंच, कुळनावासकट समान असेल तर तेव्हा लग्न वर्ज्य असे), मात्र टिकून राहिलं. म्हणूनच ऑक्टोबर १९४६ मध्ये दक्षिणेतल्या अमेरिकी लष्करी प्रशासनाने ही नावं रद्द केली, तेव्हा मूळ नावं परत लावता आली.

आज दक्षिण कोरियात ही जुनी पानं 'जेजॉक देउंगबोन' या उताऱ्यात मिळतात. स्वतः, पती-पत्नी, थेट पूर्वज वा वंशज अर्ज करू शकतात. ओळखपत्र न्यावं, कार्यालयात शुल्क ५०० वॉन. तेव्हाच्या प्रमुखाचं नाव आणि बोनजॉक, म्हणजे नोंदणीचा मूळ पत्ता, दोन्ही आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. अर्ज पत्त्यापाशीच अडू शकतो. पानं हाताने, चिनी अक्षरांत लिहिलेली असतात, तेव्हा ती वाचणारं कोणी सोबत असलेलं बरं.