सातबारा आणि परदेशी प्रवेश : कोल्हापूरच्या तयारीची पार्श्वभूमी

कोल्हापुरातून परदेशी विद्यापीठात अर्ज करणाऱ्या मुलांचा विषय निघाला की बोलणं आयईएल्टीएसचे बँड, जीआरईचा स्कोअर, एसओपी आणि लेटर ऑफ रेकमेंडेशन यांवर येतं. ती माहिती राजारामपुरीतल्या कुठल्याही गल्लीत फुकट समुपदेशनात मिळते, त्यामुळे इथे गाळली आहे. या जिल्ह्यातल्या, विशेषतः करवीर, कागल, शिरोळ, राधानगरीच्या ऊसपट्ट्यातल्या घरांचे अर्ज अडतात ते ऑफर लेटर हातात आल्यावर, बँकेत. मग कर्जाला तारण म्हणून सातबारा बाहेर निघतो. तो का चालत नाही, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

परदेश या शहराला नवा नाही. तरुण छत्रपती राजाराम महाराज 1870 साली इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले. त्यांचं स्मारक आजही तिथे आर्नो नदीकाठच्या बागेत आहे. शाहू महाराजांनी पुढे आपल्या मुलांना शिकायला इंग्लंडला पाठवलं. 26 जुलै 1902 चा निम्म्या नोकऱ्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला तेव्हा महाराज स्वतः विलायतेतच होते. 1920 च्या मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि त्याच वर्षी डॉ. आंबेडकर लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा निघाले, त्यालाही महाराजांचा हातभार होता. राज्य सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची परदेश शिष्यवृत्ती राजर्षींच्याच नावाने आहे. तिच्या जागा मात्र सबंध महाराष्ट्राला मिळून 75. ज्यांना ती मिळते त्यांचं कल्याण होतं. इथे उरलेल्यांचा विचार आहे.

स्वातंत्र्यानंतरची चार दशकं चटकन ओलांडता येतील. परकीय चलन मिळवणं हेच मोठं काम होतं, त्यामुळे जायचे ते सरकारी शिष्यवृत्तीवाले, नाहीतर तिकडच्या विद्यापीठाने असिस्टंटशिप दिलेले. 1983 पासून राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली आणि कोल्हापूरच्या आसपासच दरवर्षी शेकड्यांनी इंजिनियर तयार होऊ लागले. नव्वदच्या दशकात त्यांतले काही अमेरिकेला गेले. परीक्षेला पुणं, व्हिसाला मुंबई, आणि दोन्हीकडे रात्रीचा प्रवास; महालक्ष्मी एक्सप्रेसच्या स्लीपरमध्ये फाइल उशाला घेऊन झोपलेली पोरं त्या काळी हमखास दिसत. पासपोर्टसाठीही पुण्याचं तोंड बघावं लागे. पोस्टातून पासपोर्टची कामं करायची योजना 2017 साली आली, तेव्हा कुठे ती पायपीट थांबली.

खरा बदल 2001 चा. त्या वर्षी बँकांनी मिळून शैक्षणिक कर्जाची एक नमुना योजना स्वीकारली आणि पुढे सगळ्या सरकारी बँका थोड्याफार फरकाने तीच चालवू लागल्या. चार लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्यापुढे स्थावर किंवा तशाच किमतीचं तारण. देशात शिकणाऱ्या बहुतेकांचं पहिल्या दोन पायऱ्यांत भागत होतं. परदेशी जाणाऱ्याचं कर्ज पहिल्या दिवसापासून तिसऱ्या पायरीवर. म्हणजे योजनेचा जो भाग जवळजवळ फक्त परदेशी जाणाऱ्यांना लागू पडतो, त्यातच मालमत्तेचा प्रश्न आला.

पाठोपाठ 2002 साली सरफेसी कायदा आला. थकलेल्या कर्जापोटी गहाण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घ्यायची मुभा या कायद्याने बँकांना दिली. त्याच कायद्याच्या कलम 31 मध्ये शेतजमीन वगळली आहे. हेतू उघड होता: शेतकऱ्याची जमीन बँकेच्या एका नोटिशीवर जाऊ नये. त्या हेतूवर कोणी बोट ठेवणार नाही. पण बँकेचा हिशेब सरळ असतो. जी मालमत्ता झटपट विकता येत नाही, तिच्यावर मोठं कर्ज द्यायचं नाही. शेतजमीन तारण घ्यायला कायद्याची बंदी नाही. वसुलीचा जलद मार्ग बंद आहे एवढंच. तरी शाखेत तोंडी सांगितलं जातं ते ‘शेती चालत नाही’ असंच, आणि वीस वर्षं तेच ऐकून लोकांनाही तो कायदाच वाटू लागला आहे.

यातली विसंगती गावात सगळ्यांना दिसते. त्याच जमिनीवर विकास सेवा सोसायटी पीककर्ज देते, पाइपलाइनला कर्ज मिळतं, ट्रॅक्टर तर शोरूमवाला घरपोच करायला तयार असतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीच्या बोजाची नोंद वर्षानुवर्षं असते, इकरार, म्हणजे कर्जापोटी जमीन गहाण दिल्याचा लेखी करार, झालेला असतो, कर्ज फिरत राहतं. मग मुलीच्या एमएसला पंचवीस लाख मागितले की तीच साडेचार एकर बागायत बँकेला दिसेनाशी होते. पीककर्जाची रक्कम एकराच्या हिशेबाने ठरते आणि कारखाना उसाच्या बिलातून ती परस्पर वळती करतो, म्हणून तिथे धोका कमी, असं बँकवाले सांगतात. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण याच जिल्ह्यात एकराचा बाजारभाव काय चालतो हे शाखाधिकाऱ्याला ठाऊक असतं आणि तरीही त्याच्या फॉर्ममध्ये त्या एकराची किंमत शून्य धरली जाते, हे पटवून घेणं अवघड आहे.

‘शेतजमीन’ कशाला म्हणायचं यावरही वाद होऊन गेले. महसुली दप्तरात शेती लिहिली आहे एवढ्यावर ती कलम 31 खाली वगळली जाते का, की प्रत्यक्षात तिथे काय चाललं आहे ते बघायचं? सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली एका हॉटेलच्या प्रकरणात प्रत्यक्ष वापर आणि हेतू पाहिला पाहिजे, नुसती नोंद पुरेशी नाही, असं धरलं. निकाल कर्ज देणाऱ्या संस्थेच्या बाजूने गेला होता, पण उसाखालच्या रानाला त्याचा काही उपयोग नाही. तिथे नोंदही शेतीची आणि वापरही शेतीचाच.

मग लोकांनी वाट काढली, तिचं नाव एन.ए. रस्त्याकडेचे पाच-दहा गुंठे बिगरशेती करून घ्यायचे आणि तेवढेच तारण द्यायचे. बोलायला सोपं. मोजणी, हद्दी कायम करणं, भावकीच्या सह्या, बहिणींची हक्कसोडपत्रं, आणि जमीन वर्ग दोनची, म्हणजे हस्तांतराला सरकारी परवानगी लागणारी, निघाली तर त्याचा वेगळा फेरा. पुढे जमीन महसूल संहितेत सुधारणा होऊन गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनींना बिगरशेतीसाठी वेगळी परवानगी लागणार नाही, कर भरून सनद मिळेल, अशी तरतूद आली. कागदावर ही फार मोठी सवलत आहे. तलाठी, सर्कल, तहसील या वाटेने ती प्रत्यक्षात किती वेगाने मिळते, हे ज्याने त्याने आपल्या गावात विचारावं.

गावातल्या घराचंही तेच. ग्रामपंचायतीचा घरठाण उतारा कर आकारणीचा असतो, मालकीचा नव्हे. बँकेच्या पॅनेलवरचा वकील मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च काढतो आणि पहिल्या पानावरच थांबतो. ड्रोनने गावठाणं मोजून प्रॉपर्टी कार्ड द्यायची स्वामित्व योजना 2020 साली सुरू झाली, ती परदेशी शिक्षणासाठी म्हणून नव्हे, पण जिथे कार्डं हाती आली तिथे पालक ती घेऊन आधी बँकेत गेले. शहरात फ्लॅट असलेल्याला यातलं काहीच करावं लागत नाही. तेवढ्याच ऐपतीच्या दोन घरांत एकाचं कर्ज पंधरा दिवसांत आणि दुसऱ्याचं वर्षभरात होतं, ते यामुळे.

तारणानंतर उत्पन्न. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रिटर्न भरलेलं नसतं. आणि बँक काय, व्हिसा अधिकारी काय, दोघांनाही तीन वर्षांची रिटर्नं हवी असतात. तहसीलदाराचा दाखला शिष्यवृत्तीला लागतो तेव्हा उत्पन्न कमी दिसलेलं बरं, कर्जाला लागतो तेव्हा जास्त. एकाच घराने हे दोन्ही कसं साधायचं, हा प्रश्न सर्रास विचारला जातो आणि त्याचं सरळ उत्तर नाही. हल्ली सीए मंडळी मूल अकरावीत असतानाच शेती उत्पन्न दाखवून रिटर्न सुरू करा म्हणतात. सल्ला चांगला आहे.

पैसा येण्याची वेळही जुळत नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग 28 दिवस पडून असावी लागते, आणि हे बहुधा जून ते ऑगस्टमध्ये येतं. कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, बिलं उन्हाळ्यापर्यंत येतात, त्यातून सोसायटी वळती होते, खतं-मशागत होते, पावसाळ्यात खातं कोरडं. 2022 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने एफआरपी, म्हणजे उसाचा केंद्राने ठरवलेला किमान दर, दोन टप्प्यांत द्यायला परवानगी दिली आणि एकरकमीसाठी इथे जे रान पेटलं ते सर्वांना माहीत आहे. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आंदोलनात मुलांच्या फीचा मुद्दा भाषणापुरता असायचा, पण ज्यांच्या घरी त्या वर्षी डिपॉझिट भरायचं होतं त्यांना तो चांगलाच लागला.

दरम्यान खाजगी वित्त कंपन्या विनातारण कर्ज घेऊन आल्या. व्याज चढं, आणि सहकर्जदार पगारदार हवा. मग पुण्यातला मामा, बँकेतला चुलता असे नातेवाईक अचानक महत्त्वाचे झाले. दुसरीकडे जर्मनीचा ओढा वाढला. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे मेकॅनिकल आणि मेटलर्जीची मुलं इथे पुष्कळ. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. पण ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे वर्षभराच्या राहणीखर्चापोटी व्हिसाआधीच खात्यात अडकवून ठेवायची, रक्कम चढत गेली : 2023 च्या सुरुवातीला 11,208 युरो, सप्टेंबर 2024 पासून 11,904. शिवाय नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं, प्रमाणपत्र सक्तीचं झालं आणि सुरुवातीला त्याच्या रांगेतच काहींचं सेमिस्टर गेलं. फी वाचली तरी दहा-बारा लाख एकदम दाखवायचे म्हणजे पुन्हा तीच बँक, तोच सातबारा.

अलीकडची दोन-तीन वर्षं तर सारखी नियम बदलणारी. कॅनडाने जानेवारी 2024 पासून दाखवायची शिल्लक 10,000 वरून 20,635 डॉलरवर नेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लवकर व्हिसा देणारी खिडकी बंद केली. ब्रिटनने जानेवारी 2024 पासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार आणायला मनाई केली. शिक्षणानंतर राहायची दोन वर्षंही जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवी-मास्टर्सवाल्यांना दीडच मिळणार आहेत. आपल्याकडे एक दिलासा मिळाला: एप्रिल 2025 पासून मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावरचा टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, गेला. त्याआधी 2024 च्या नोव्हेंबरात केंद्राने विनातारण, विनाजामीन कर्जाची मोठी योजना जाहीर केली तेव्हा ऊसपट्ट्यात बऱ्याच आशा पल्लवित झाल्या होत्या. ती देशातल्या निवडक संस्थांपुरती आहे. परदेशी प्रवेशाला 2001 चीच चौकट लागू राहिली, त्यामुळे सप्टेंबरचा इन्टेक धरायचा असेल तर बिगरशेतीचा अर्ज मुलाच्या तिसऱ्या वर्षातच टाकावा, असं आता क्लासवालेसुद्धा पहिल्या भेटीत सांगू लागले आहेत.