गावात फायबर जोडणी: अर्ज कुठे अडतो, कागद कोणते लागतात

ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे गावोगावी फायबर नेणाऱ्या सरकारी योजनेची, पेटी बसली, रस्त्याकडेला चर खणून केबल पुरली, की लोक धरून चालतात आता घरोघरी नेट येणार. अर्ज परत येतात ते बहुतेक याच समजातून. ती केबल पंचायत कार्यालयापर्यंत आलेली असते. तिथून तुमच्या घरी यायचं तर वाटेत स्प्लिटर, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणारी डबी हवी, त्या स्प्लिटरमध्ये मोकळा पोर्ट, म्हणजे वायर जोडायची रिकामी जागा हवी आणि खांबांवरून वायर ओढणारा माणूस हवा. यातलं एक जरी नसलं तरी अर्जावर 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' असा शेरा पडतो, आणि कागद पुरे असूनही का नाकारलं हे कोणी समजावून सांगत नाही.

म्हणून फॉर्मच्या आधी शेजारी विचारा. वस्तीत कोणाकडे फायबर आहे, त्याची वायर कोणत्या खांबावरून येते, ती ओढली कोणी? गावाकडे बीएसएनएलची घरजोडणी बहुतेक ठिकाणी स्थानिक भागीदार, म्हणजे बऱ्याचदा आपला केबलवालाच देतो. पोर्ट शिल्लक आहे की नाही हे त्याला पाठ असतं. वाडी-वस्तीवर काहीच नसेल तर एकट्याचा अर्ज करून उपयोग नाही. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये ग्रामपंचायतीचं मुख्य गाव सोडून इतर गावांना मागणीनुसार जोडणी द्यायची तरतूद आहे. तेव्हा दहा-पंधरा घरांची सह्यांची यादी आणि ग्रामसभेचा ठराव जोडूनच मागणी नोंदवा.

अर्ज बीएसएनएलच्या संकेतस्थळावर, १८००४४४४ या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर, तालुक्याच्या ग्राहक सेवा केंद्रात किंवा थेट भागीदाराकडे करता येतो. ऑनलाइन भरताना एक घोटाळा हमखास होतो. माणूस तालुक्याच्या सेतू केंद्रात बसून फॉर्म भरतो आणि नकाशावरची खूण तालुक्याच्या बाजारपेठेतच राहते. मग अर्ज भलत्याच एक्सचेंजकडे, म्हणजे कंपनीच्या दुसऱ्याच भागातल्या केंद्राकडे जातो. पिनकोडवर विसंबू नका, एका पिनकोडात अनेक गावं असतात. खूण स्वतः सरकवून घराच्या छपरावर आणा.

पात्रता साधी आहे: अर्जदार सज्ञान असावा, ओळख आणि पत्ता पटावा. फोटो, आधार, चालू मोबाइल नंबर आणि जिथे जोडणी हवी तिथला पत्त्याचा पुरावा. अडतं ते या शेवटच्यावर. आधारवर पुण्या-मुंबईचा पत्ता, वीजबिल वारलेल्या आजोबांच्या नावे, अशी घरं गावात निम्मीअधिक सापडतील. अशा वेळी लोक घराचा उतारा घेऊन जातात आणि तोही चुकीचा. तलाठ्याकडचा ८-अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा आहे, त्याने घराचा पत्ता सिद्ध होत नाही. तुम्हाला हवा आहे ग्रामपंचायतीचा नमुना ८, घराच्या आकारणीचा, ज्यावर मिळकत क्रमांक असतो. नावं सारखी असल्याने खिडकीवर रोज ही गल्लत होते.

नमुना ८ सुद्धा आजोबांच्याच नावे असेल, तर वारसनोंदीची वाट बघत महिने घालवू नका. घरातल्या ज्या माणसाच्या आधारवर गावचा पत्ता आहे त्याच्या नावे अर्ज करा. बहुतेक घरांत ती व्यक्ती म्हणजे आई. फक्त नोंदणीचा मोबाइल तिचा आणि तिच्या हाताशी असलेला द्या, कारण पुढे प्रत्येक ओटीपी तिथेच येणार. आणि हो, ज्या घरात रेंज नाही म्हणून नेट हवंय, त्याच घरात उभं राहून ओटीपी घ्या असं सांगितलं जातं. तो काही मिनिटांत बाद होतो. पडताळणी रेंजच्या जागी, पारावर नाहीतर टेकाडावर उभं राहून उरका. शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेले असतील तर अंगठ्याचा हट्ट न धरता ओटीपीची पडताळणी मागा.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: मोडेम विकत की भाड्याने, बसवणुकीचे किती, आणि जादा वायरचा मीटरमागे दर काय. 'वायर जास्त लागली' हे वाक्य पैसे दिल्यावरच ऐकू येतं. पावती कंपनीच्या नावाची हवी, साध्या कागदावरची नको. जोडणी देण्याच्या सात दिवसांच्या मुदतीबद्दलही गैरसमज आहे. ती सात कामाच्या दिवसांची आहे आणि अर्जापासून नव्हे, तर डिमांड नोटचे, म्हणजे कंपनीने दिलेल्या पैसे भरण्याच्या मागणीपत्राचे पैसे भरल्यापासून मोजतात. तीही जोडणी तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तरच.

वायर बसवायला आलेल्या माणसाला पॉवर मीटर, म्हणजे फायबरमधल्या सिग्नलची ताकद मोजणारं यंत्र लावायला सांगा. आकडा जितका जास्त उणे, तितका सिग्नल कमजोर. आकडा उणे १५ ते उणे २४ डीबीएमच्या दरम्यान असेल तर ठीक. उणे २७ च्या आसपास असेल तर आज नेट चालेल, पण पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की मोडेमवर 'लॉस'चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा लाल दिवा लागेल. वायर खिळ्याभोवती काटकोनात वळवू देऊ नका, मोठा गोल वळसा ठेवा. लाइट जाते तिथे मोडेमला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लागतोच.

फोनसाठी वेगळा टॉवर येईपर्यंत थांबायची गरज नाही. फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं की फायबरवरून कॉल लागतात, मात्र तुमच्या सिमची कंपनी आणि हँडसेट दोन्हींत ती सोय हवी. नंबर पोर्ट करणार असाल, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलणार असाल, तर त्याआधी सिम बदलू नका. सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही, आणि मिळालेला कोड महाराष्ट्रात चारच दिवस चालतो. 'तुमच्या शेतात टॉवर बसवतो, ट्रायच्या परवानगीचे पैसे भरा' असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्या. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, अशी परवानगी देतही नाही आणि त्यासाठी पैसे घेतही नाही.

जोडणी बंद पडली तर भागीदाराला फोन करून थांबू नका, कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक घ्या. दुरुस्ती तीन दिवसांपुढे गेली तर भाड्यात सूट मिळते, पण ती मोजायची ती नोंदीपासून. तोंडी तक्रारीला तारीख नसते. तक्रार सुटलीच नाही, तर ती सोडवायची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील करा. त्याला फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. लोक थेट ट्रायला पत्र लिहितात आणि उत्तराची वाट बघत हे ३० दिवस घालवतात. ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, ती पत्रं पुन्हा कंपनीकडेच पाठवली जातात.