त्वचेवरचे प्रयोग: त्वचारोग आणि अ‍ॅलर्जीच्या संशोधनाची पार्श्वभूमी

त्वचेचा आजार उघड्या डोळ्यांना दिसतो, औषध थेट त्यावर लावता येते आणि गुण येतो की नाही हेही रोज पाहता येते. म्हणूनच माणसांवरचे प्रयोग या क्षेत्रात फार लवकर सुरू झाले आणि सुरुवातीला डॉक्टरांनी ते बहुधा स्वतःच्याच अंगावर केले. मात्र जे दिसते ते मोजून झालेच, असा एक समजही या सोयीपोटी दीर्घकाळ टिकला. आज ज्या पद्धतीने या आजारांवरच्या उपचारांच्या चाचण्या होतात, ती पद्धत हा समज हळूहळू मोडत गेल्यामुळे घडली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी पुरळ, खवले, फोड, गाठी अशा दिसणाऱ्या खुणांवरून त्वचारोगांची वर्गवारी केली. पॅरिसचे सेंट-लुई रुग्णालय १८०१ पासून याच रोगांसाठी राखले गेले. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते, हे इटलीतील दोघा निरीक्षकांनी १६८७ मध्येच लिहून ठेवले होते, पण वैद्यकाने ते मनावर घेतले नव्हते. अखेर १८३४ मध्ये रेनुची नावाच्या कॉर्सिकाहून आलेल्या विद्यार्थ्याने सेंट-लुईमध्ये सुईच्या टोकाने तो किडा सर्वांसमक्ष काढून दाखवला. ही युक्ती त्याने आपल्या बेटावरील बायकांकडून उचलली होती. पुढे व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी स्वतःला खरजेची लागण करून घेतली आणि रक्तदोष वगैरे जुन्या कल्पनांना पुरावा देऊन बाजूला सारले.

अ‍ॅलर्जीच्या अभ्यासाचा आरंभही असाच झाला. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना दर उन्हाळ्यात शिंकांचा त्रास होत असे. त्यांनी स्वतःच्या हातावर ओरखडा काढून त्यावर गवताचे परागकण लावले आणि तिथे गांध कशी उठली याचे वर्णन १८७३ मध्ये प्रसिद्ध केले. आजच्या टोचून करायच्या चाचणीचे मूळ इथे आहे. संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून दोन दिवसांनी पाहायची पॅच चाचणी योझेफ यादासोन यांनी १८९५ मध्ये मांडली. टोचण्याच्या चाचणीत प्रतिक्रिया पंधरा-वीस मिनिटांत दिसते, पॅच चाचणीत ती उमटायला एक-दोन दिवस लागतात, आणि या दोहोंमागच्या यंत्रणाही निराळ्या आहेत. हे ध्यानात न घेतल्यामुळे जुन्या अभ्यासांचे निष्कर्ष पुष्कळदा एकमेकांत मिसळलेले आढळतात. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये वापरात आणला, आणि १९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नून यांनी परागकणांच्या अर्काची इंजेक्शने वाढत्या मात्रेने देण्याचा उपचार प्रसिद्ध केला.

या साऱ्यात १९२१ चा, तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाऊ शहरातला प्रयोग मला सर्वांत देखणा वाटतो. हाइन्झ क्यूस्टनर यांना शिजवलेले मासे सोसत नसत. त्यांच्या रक्तातील द्रव कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशांचा अर्क टोचला. एरवी मासे सहज पचवणाऱ्या प्राउस्निट्झ यांच्या अंगावर तेवढ्याच जागेवर गांध उठली. अ‍ॅलर्जीचे कारण रक्तातून एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, हे अशा रीतीने सिद्ध झाले. पण तो रक्तातला घटक हाती यायला आणखी चार दशके लागली. इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिक यांच्या स्वतंत्र कामातून तो सापडला आणि १९६८ मध्ये त्या प्रतिपिंडाला (अँटीबॉडीला) आयजीई हे नाव मिळाले.

औषधांच्या बाबतीत १९५२ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन या दाह कमी करणाऱ्या औषधाचे मलम इसबावर लागू पडते असे दाखवले. एका हाताला औषध आणि दुसऱ्या हाताला नुसते मलम लावून तुलना करण्याची सोय त्वचेइतकी अन्यत्र क्वचितच मिळते. त्याच काळात या सोयीचा काळा अध्यायही लिहिला जात होता. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या देखरेखीखाली कैद्यांवर प्रयोग झाले. तिथे प्रथम गेल्यावर आपल्याला एकरच्या एकर त्वचाच समोर दिसली, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. स्वतःच्या हातावर ओरखडा काढणाऱ्या डॉक्टरापासून हे अंतर फार मोठे आहे. त्या शहराने या प्रकाराची माफी मागितली ती २०२२ मध्ये.

मोजमापाचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. सोरायसिससाठी १९७८ मध्ये ‘पासी’ हा आजाराची तीव्रता मोजणारा निर्देशांक आला, इसबासाठी १९९३ मध्ये ‘स्कोराड’, आणि १९९४ मध्ये कार्डिफहून रुग्णाच्या जगण्यावरील परिणाम विचारणारी दहा प्रश्नांची प्रश्नावली. खाज डॉक्टरला दिसत नाही, झोपमोड तर नाहीच नाही. म्हणून ही प्रश्नावली मला निर्देशांकांइतकीच मोलाची वाटते. या निर्देशांकांत लालीला गुण दिले जातात, आणि सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ती ठळक उमटत नसल्याने आजाराची तीव्रता कमी लेखली जाते, ही अडचण अद्याप सुटलेली नाही.

पुढचे वळण त्वचेच्या अडसराकडे, म्हणजे बाहेरचे पदार्थ रोखून धरण्याच्या तिच्या कामाकडे नेते. २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांच्या गटाने फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषांचा इसबाशी संबंध दाखवला. त्वचा कमकुवत असली की बाहेरचे पदार्थ आत शिरतात आणि अ‍ॅलर्जी तिथूनच जडते, हा विचार त्यामुळे बळावला. या विचाराची दुसरी बाजू अशी की तोच पदार्थ तोंडावाटे लवकर पोटात गेला तर शरीर तो सोसायला शिकते. ती २०१५ च्या चाचणीत तपासली गेली. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० तान्ह्या मुलांपैकी निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना ते टाळायला सांगितले. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांत सुमारे १७ टक्के, तर खाणाऱ्यांत सुमारे ३ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आढळली. टाळण्याचा सल्ला अनेक वर्षे दिला गेला होता, तोच उलटा ठरला. मग जन्मापासून मॉइश्चरायझर लावून अडसर मजबूत केला तर इसबही टळेल, अशी आशा स्वाभाविक होती. ब्रिटनमधील १,३९४ बाळांवरच्या चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले: दोन वर्षांच्या वयात मॉइश्चरायझर लावलेल्या गटात २३ टक्के आणि न लावलेल्या गटात २५ टक्के मुलांना इसब होता, म्हणजे दखल घ्यावी असा फरक नव्हताच, उलट त्वचेचे संसर्ग लावलेल्या गटात थोडे अधिक नोंदले गेले.