पॅनिक अटॅक आणि हार्ट अटॅक: दवाखाना गाठण्याआधी आणि गाठल्यानंतर

अचानक छाती धडधडू लागते, दरदरून घाम फुटतो, श्वास पुरत नाही, हातपाय थरथरतात आणि आता आपण वाचत नाही, अशी खात्रीच वाटू लागते. मराठवाड्यातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रात्री हीच तक्रार घेऊन दोन माणसे आली, तर त्यांपैकी एकाच्या हृदयाची रक्तवाहिनी बंद पडलेली असू शकते आणि दुसऱ्याचे हृदय पूर्णपणे निरोगी असू शकते. घरातून निघण्यापूर्वी मात्र दोघांनाही बहुधा एकच सल्ला मिळालेला असतो: गॅस झाला असेल, सोडा घे, थोडे पडून राहा. रुग्ण तरुण असेल, विशेषतः बाई असेल, तर मनाला लावून घेतलेय, असे म्हणून विषय संपवला जातो. या दोन्ही उत्तरांमुळे वेळ जातो, आणि दोन आजारांपैकी एकात वेळच सर्वांत महाग असतो.

हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते. पुरवठा पूर्णपणे थांबला, तर साधारण २० ते ४० मिनिटांत त्या भागातला स्नायू कायमचा मरू लागतो. पॅनिक अटॅकमध्ये हृदयाला अशी इजा होत नाही. समोर कोणताही धोका नसताना मेंदूतील धोक्याची यंत्रणा एकाएकी जागी होते, रक्तात अ‍ॅड्रेनलिन उसळते आणि शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीला लागते. हृदय जोरात धावते, घाम येतो, पोटात ढवळते. हार्ट अटॅकच्या वेळी खऱ्या इजेमुळे हेच रसायन वाढते, म्हणून बाहेरून दिसणारी लक्षणे इतकी सारखी असतात. मरणाची भीतीसुद्धा दोन्हींत असते. त्यामुळे रुग्ण फार घाबरला आहे, यावरून हा पॅनिक अटॅकच आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. हृदयविकाराचे अनेक रुग्णही विलक्षण घाबरलेले असतात आणि त्यांची भीती खरी ठरते.

काही फरक तरीही ओळखण्यासारखे आहेत. हार्ट अटॅकची वेदना बहुतेक वेळा टोचणारी नसते. छातीच्या मधोमध कोणीतरी ओझे ठेवल्यासारखे किंवा आवळून धरल्यासारखे वाटते, आणि कुठे दुखते असे विचारले तर रुग्ण बोट न दाखवता अख्खा तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो. ही कळ डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात उतरू शकते. चालताना, ओझे उचलताना, जिना चढताना ती वाढते आणि २० मिनिटे उलटली तरी ओसरत नाही. पॅनिक अटॅकमधली वेदना बऱ्याचदा एका जागी, सुई टोचल्यासारखी असते. त्रास साधारण १० मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात उतरतो, मागे प्रचंड थकवा तेवढा उरतो.

पॅनिकमध्ये आणखी एक गोष्ट घडते, जिच्यामुळे गावात सर्वांत जास्त गोंधळ उडतो. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे डोके हलके होते, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, आणि श्वासाचा वेग तसाच राहिला तर हाताची बोटे आखडून वाकडी होतात. वाकडी झालेली बोटे पाहून कोणी फिट आली म्हणते, कोणी बाहेरची बाधा म्हणते, आणि मग गाडी दवाखान्याऐवजी देवऋषीकडे वळते. श्रद्धा ही ज्याची त्याची बाब आहे, तिच्याशी माझा वाद नाही. पण छातीत कळ असलेल्या माणसाची गाडी आधी दवाखान्यातच गेली पाहिजे, याबाबत तडजोड होऊ शकत नाही.

हे फरक वाचून घरीच निदान करण्याचा मोह होईल, आणि तिथेच खरी जोखीम आहे. मधुमेह जुना असेल तर नसांची संवेदना मंदावते आणि हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळते. स्त्रियांमध्ये आणि वृद्धांमध्येही लक्षणे अनेकदा अशीच आडवळणाची असतात. उलट, पॅनिक अटॅकमध्येही काही जणांना छातीवर दडपण जाणवते. म्हणून असा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, तर तपासणी होईपर्यंत तो हृदयाचाच मानावा. तपासणीत तो पॅनिक अटॅक निघाला, तर एक खेप वाया गेली असे कोणी म्हणू नये. त्या खेपेनेच निदान झालेले असते.

मराठवाड्यात अंतराचा प्रश्न आहे. वाडीवरून तालुक्याला आणि तालुक्यावरून जिल्ह्याला जाताना सहज एक-दोन तास मोडतात, त्यातून रात्री वाहन मिळेलच असे नाही. अशा वेळी रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये आणि त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नये. १०८ वर फोन करावा, गाव, रस्ता आणि जवळची खूण नीट सांगावी आणि छातीत दुखते आहे हे शब्द स्पष्ट उच्चारावेत. रुग्णवाहिका येण्यास फार वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या चारचाकीने निघावे, पण आधी ईसीजीची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय गाठावे. नावाजलेल्या मोठ्या दवाखान्याच्या हट्टापायी वाटेतले उपजिल्हा रुग्णालय ओलांडून पुढे जाणे अनेकदा महागात पडते, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितका स्नायू वाचतो. अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला द्यावी की नाही, हे फोनवरच्या डॉक्टरांना विचारावे. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असलेल्यांना ती देऊ नये. शेजाऱ्याच्या डब्यातली जिभेखाली ठेवायची गोळी मात्र आपल्या मनाने देऊ नये, रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती घात करते.

रुग्णालयात पहिल्यांदा ईसीजी काढला जातो. तो चांगला आला की नातेवाईक लगेच घरी निघण्याची घाई करतात, पण हार्ट अटॅकच्या सुरुवातीला ईसीजी सामान्य येऊ शकतो. ट्रोपोनिन नावाचे द्रव्य इजा झालेल्या हृदयाच्या स्नायूतून रक्तात उतरायला काही तास लागतात, म्हणून ही तपासणी आणि ईसीजी पुन्हा करावे लागतात. डॉक्टर थांबायला सांगत असतील तर थांबावे. त्रास किती वाजता सुरू झाला, तेव्हा रुग्ण काय करत होता, मधुमेह किंवा रक्तदाबाची कोणती औषधे चालू आहेत, तंबाखू आणि दारू किती, हे न लपवता सांगावे. रोजची दारू एकाएकी बंद झाल्यावरही थरकाप, घाम आणि धडधड होते. त्यावरचा उपचार निराळा आहे आणि तोही तातडीचा आहे.

आपल्या भागासाठी आणखी काही सांगणे भाग आहे. कापसावर फवारणी करून आलेल्या माणसाला घाम, मळमळ, छातीत दडपण आणि दम असा त्रास झाला, तोंडातून लाळ येऊ लागली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर ती विषबाधा असू शकते. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्यावी. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते, श्वास अडकतो असे म्हणत उठला आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर मण्यार चावलेली असण्याची शक्यता धरावी, कारण तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही आणि खूणही दिसत नाही. विंचू चावल्यावरही घाम येतो, हातपाय गार पडतात आणि हृदयावर ताण येतो. यांतल्या कोणत्याही माणसाला नुसता घाबरला आहे असे समजून घरी पाणी पाजत बसणे जिवावर बेतू शकते.

सगळे अहवाल चांगले आले की डॉक्टर म्हणतात, तुम्हाला काही झालेले नाही. हृदयाला काही झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. पण रुग्ण ते ऐकून घरी येतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच झटका येतो, पुन्हा सलाईन, पुन्हा ईसीजी, आणि तिसऱ्या खेपेला घरचेच त्याला नाटकी ठरवतात. मला हा प्रकार फार क्लेशदायक वाटतो, कारण पॅनिक अटॅक हा खरा आजार आहे आणि तो उपचारांनी आटोक्यात येतो. विचारांवर आणि वागण्यावर काम करणारी समुपदेशनाची पद्धत आणि मानसोपचारतज्ज्ञाने दिलेली औषधे या दोन्हींचा उपयोग होतो. औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत फरक नाही असे म्हणून ती सोडू नयेत. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेची किंवा घबराटीची गोळी आणून महिनोन्महिने घेणे मात्र टाळावे; तिची सवय लागते आणि ती अचानक बंद केली की त्रास दुप्पट होतो. झटक्याच्या वेळी तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा सल्लाही पाळू नये, कारण आजार हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असेल तर त्यात प्राणवायू कमी पडतो. सोबत कोणीतरी शांतपणे बसून श्वास हळूहळू आणि लांब सोडायला सांगणे पुरेसे असते.

यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा जिल्हा रुग्णालयातून मिळते. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, तसेच नांदेड आणि लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये येथे मानसोपचार विभाग आहेत. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही, मोफत बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.

हृदय निरोगी असूनही तातडीने रुग्णालय गाठावे असे प्रसंग येतात. झटके एकामागून एक येत आहेत आणि माणूस खात-झोपत नाही. तो असंबद्ध बोलू लागला आहे. किंवा जगण्यात अर्थ नाही, आता सहन होत नाही, अशी भाषा तोंडात आली आहे. कर्ज, नापिकी आणि घरातली चिंता यांनी पिचलेल्या माणसाच्या तोंडून असे शब्द आले, तर ते सहज बोलला असे समजू नये. त्याला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजाराच्या रुग्णाला रुग्णवाहिका आणि तातडीची सेवा शारीरिक आजाराच्या रुग्णासारखीच मिळायला हवी. याच कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे जिवाला धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर जास्तीत जास्त ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, आणि या तातडीच्या उपचारांत विजेचा झटका देण्यास कायद्याने मनाई आहे. शॉक देतील या भीतीने जे घरचे पाऊल मागे घेतात, त्यांनी हे जाणून घ्यावे.

ज्याचे पॅनिकचे निदान आधीच झालेले आहे, त्याने आपला जुना ईसीजी आणि केसपेपर एका पिशवीत, घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवावा. नव्या ईसीजीशी तुलना करायला तो डॉक्टरांच्या कामी येतो. नेहमीचा झटका ओळखीच्या वळणाने येऊन ओसरला, तर दर वेळी धावपळ करण्याची गरज नाही. मात्र त्रासाचे रूप या वेळी वेगळे असेल, कळ हातात किंवा जबड्यात गेली असेल, ती श्रमाने वाढत असेल, २० मिनिटांत उतरत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर पॅनिकचा जुना शिक्का बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा आणि आपल्याला पॅनिकचा आजार आहे, पण हे दुखणे नेहमीसारखे नाही, असे तिथल्या डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगावे.