कोल्हापुरातला उंदरांचा बंदोबस्त

उंदरांचा बंदोबस्त म्हणजे घरात, दुकानात नाहीतर अपार्टमेंटमध्ये शिरलेल्या उंदरांना घालवणं आणि परत आत येऊ न देणं. यातलं पहिलं काम सगळे करतात, दुसरं सहसा कुणी करत नाही, त्यामुळं दर पावसाळ्यात माळ्यावरचा तोच गंजका पिंजरा शोधायची पाळी येते.

शहरात त्रास देणारे मेन तीन. घरातला बारका उंदीर, जो पेन्सिल जाईल एवढ्या म्हणजे साधारण ६ मिलिमीटरच्या फटीतनं पण आत येतो. दुसरा काळा, अंगापेक्षा लांब शेपटीचा, पेठेतल्या कौलारू घरांच्या आढ्यावरनं पळणारा, हा कायम वरनं येतो. आणि घूस, ती खालनं येते, गटारीच्या कडेला बिळं पाडत फरशीखालची माती उपसते आणि एक दिवस पाय ठेवला की फरशी वाजते. चिचुंद्री मात्र उंदीर नव्हे, लांब तोंडाची आणि घाण वासाची असली तरी ती झुरळं खाते, तिला उगंच मारू नये.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ असल्या जुन्या भागात घरं एकमेकाला चिकटून, बऱ्याच ठिकाणी भिंत एक आणि मालक दोन. शेजारच्या काकूंनी औषध टाकलं की उंदीर आपल्या माळ्यावर, आपण पिंजरा लावला की त्यांच्याकडं. म्हणजे हे एका घराचं कामच नाही, गल्लीचं आहे, पण उंदरासाठी गल्लीची मिटिंग कोण बोलावणार? लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांमुळं खायला कायमच असतं. अपार्टमेंटमध्ये डक्ट हाच त्यांचा जिना, पाईपच्या कडेची न बुजवलेली भोकं, वॉशिंग मशीनची नळी, जाळी तुटलेला चेंबर, इथनं ते वर चढतात.

पिंजरा लावायची पण पद्धत आहे. उंदीर भिंतीला अंग घासत पळतो, त्यानं तिथं काळपट तेलकट पट्टा उमटतो, पिंजरा त्या पट्ट्यावर भिंतीला चिकटून ठेवायचा, खोलीच्या मधोमध नाही. मोठे उंदीर नवीन वस्तूला बिचकतात, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री दार दोऱ्यानं बांधून उघडंच ठेवायचं, आत खाऊ द्यायचं आणि मग चाप लावायचा. भजं चालतं, पण सुक्या बोंबलाचं डोकं गॅसवर जरा भाजून आकड्याला दोऱ्यानं घट्ट बांधलं तर लईच भारी, नुसतं अडकवलं तर ते अलगद ओढून नेतंय आणि सकाळी पिंजरा रिकामा. पकडलेला उंदीर रंकाळा तलावाकडं सोडून येणारे पण आहेत, ते दुसऱ्याच्या दारात सोडल्यासारखंच झालं.

औषधांत काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाइड, ती पोटातल्या ॲसिडला लागली की फॉस्फिन नावाचा विषारी गॅस होतो आणि त्यावर उतारा नाही, लहान पोरं, कुत्री-मांजरं असलेल्या घरात तिला हातच लावू नये. केक मिळतो त्यात बहुतेक ब्रोमॅडिओलोन असतं, त्यानं रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो, यावर डॉक्टर व्हिटॅमिन के देतात. पण केक खाऊन तो कुठं जाऊन मरेल हे आपल्या हातात नसतं. आमच्यात एकदा पीओपीच्या वर मेला, आठवडाभर हॉलमध्ये बसवेना, शेवटी लाईट काढून त्या भोकातनं चिमट्यानं बाहेर ओढला. गोंदाचे पॅड क्रूर आहेत, उंदीर तासन्‌तास तडफडतो. उंदीर पळवायला भिंतीत लावतात त्या आवाज करणाऱ्या प्लगची त्यांना लवकरच सवय होते, पैसे वाया.

खरा उपाय सिमेंटचा. भांडी घासायची तारेची घासणी भोकात कोंबायची आणि वरनं सिमेंट मारायचं, जुने गवंडी त्यात काचेचे तुकडे पण घालतात. दाराखाली पत्र्याची पट्टी, चेंबरला जाळी, धान्य पत्र्याच्या डब्यात. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला पाच-सहा पिल्लं, त्यामुळं भोकं उघडी ठेवून नुसतं मारत बसलं तर हिशोब कधीच जुळत नाही.

उंदराची भीती इथं जुनी आहे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, मग तो कोल्हापूर संस्थानात पण पोचला, शाहू महाराजांचा काळ होता, लोक गाव सोडून माळावर झोपड्या टाकून राहिले. घरात उंदीर मरून पडला म्हणजे घर सोडायचं, असा तेव्हाचा संकेत. आता भीती जास्त लेप्टोची, म्हणजे उंदराच्या मुतातनं पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची. पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, पण नदी चढायला लागली की बिळांत पाणी भरतं आणि उंदीर त्याआधीच वरच्या घरांत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारख्या वेळी त्यांचं मूत त्याच पाण्यात मिसळतं, पायाला जखम असेल तर तिथनं जंतू शिरतात, मग ताप, पोटऱ्या दुखणं, कधी कावीळ. पूर ओसरल्यावर लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, आधी ब्लीचिंगचं पाणी मारून दहा मिनिटं भिजू द्यायचं आणि हातमोजे घालून उचलायच्या.