ब्लोको आफ्रो

ब्लोको आफ्रो : ब्राझीलमधील बाहिया राज्याची राजधानी साल्वादोर येथील कार्निव्हलमध्ये उतरणारे कृष्णवर्णीयांचे ढोलपथक व सांस्कृतिक मंडळ. पहिले ब्लोको आफ्रो म्हणजे 1974 मध्ये लिबेर्दादे भागातील कुरुझू वस्तीत स्थापन झालेले ‘इले आइये’. ‘ओलोदुम’ 1979 चे.

साल्वादोरच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय मिळून सुमारे 80 टक्के आहेत. तरीही नावाजलेल्या ब्लोकोंत (कार्निव्हल मंडळांत) त्यांना क्वचितच प्रवेश मिळे. नियमावलीत वर्णाचा उल्लेख नसायचा. अर्जाला फोटो आणि घरचा पत्ता जोडावा लागे, गाळणी तिथेच लागे. अन्तोनियो कार्लोस दोस सान्तोस (‘व्होव्हो’) आणि आपोलोनियो दे जेझुस यांनी याला सरळ उत्तर दिले : इले आइयेत फक्त कृष्णवर्णीयच नाचतील. 1975 च्या पहिल्या मिरवणुकीनंतर ‘आ तार्दे’ या दैनिकाने त्यांनाच वर्णद्वेषी ठरवले. ब्राझीलमध्ये वर्णभेद नाहीच, असे मानणाऱ्या त्या काळाला हे साजेसेच होते.

भेद आजही दिसतो तो दोरात. 1950 मध्ये दोदो आणि ओस्मार या संगीतकारांनी जुन्या मोटारीवर विजेची वाद्ये चढवली. त्यातून ‘त्रियो एलेत्रिको’ म्हणजे ध्वनिवर्धकांनी लादलेला ट्रक आला. ट्रकभोवती जाड दोर फिरवतात. पैसे भरून ‘आबादा’ हा सदरा घेतलेले आत. बाहेरच्या फुकट नाचणाऱ्या गर्दीचे नाव ‘पिपोका’, म्हणजे लाह्या. दोर धरणारे ‘कोर्देइरो’ रोजंदारीवरचे, बहुतेक गरीब आणि कृष्णवर्णीय. अरुंद वळणावर गर्दी आत रेटते तेव्हा दोर आवळतो. हातमोजे नसतील तर तळवे सोलून निघतात.

ब्लोको आफ्रोची ताकद ढोलांत असते. सांबा-रेगे हा ताल नेगिन्यो दो सांबा यांनी ओलोदुममध्ये घडवला. मोठे ‘सुर्दो’ कमरेला बांधून वाजवतात : खर्जाचा एक ठोका देतो, दुसरा त्याला उत्तर देतो, मधल्या पट्टीचे सुर्दो टोकाला गोळा असलेल्या दोन काठ्यांनी मधली जागा भरतात. ‘रेपिके’ या छोट्या, उंच पट्टीच्या ढोलावर पातळ, लवचीक काठ्या चालतात. मागून एखादा त्रियो जवळ आला की त्याच्या आवाजात खर्ज बुडतो, मागच्या रांगांना ठोका ऐकू येत नाही आणि पथक फाटते.

इले आइयेचे रंग चार : काळा त्वचेचा, पिवळा समृद्धीचा, तांबडा सांडलेल्या रक्ताचा, पांढरा शांततेचा. दरवर्षी विषय ठरतो, बहुधा एखादा आफ्रिकी देश किंवा कृष्णवर्णीयांचा लढा. त्यावरून कापडाचा छाप आणि गाणी तयार होतात. कार्निव्हलच्या शनिवारी रात्री कुरुझूच्या चढावर कांदोंब्ले या आफ्रिकी मुळांच्या पंथाचा विधी होतो, लाह्या उधळतात, पांढरी कबुतरे सोडतात, मगच ढोल निघतात. माँई इल्दा या पुरोहिता 2009 मध्ये वारल्या, तोवर हा विधी त्यांच्याकडे होता. कार्निव्हलआधी ‘एबनी देवी’ म्हणजे मंडळाची राणी निवडली जाते. स्पर्धेत पोहण्याच्या पोशाखाला स्थान नाही. नृत्य, केशरचना आणि डौल पाहिला जातो.

याहून जुना प्रकार ‘आफोशे’, म्हणजे कांदोंब्लेच्या तालावर मिरवणारे मंडळ. त्यातील ‘फिल्योस दे गांधी’ (गांधीपुत्र) हे पुरुषांचे मंडळ 1949 मध्ये, गांधीहत्येनंतर वर्षभराने, गोदी कामगारांनी काढले. पांढरा पायघोळ झगा, निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा, लव्हेंडरचा फवारा आणि डोक्यावर टॉवेलचा शिवलेला फेटा, असा त्यांचा वेश. गांधीजींच्या नावाने फेटा, हे भारतीय वाचकाला गमतीचे वाटेल. पण त्यांचा इजेशा ताल कांदोंब्लेतून आलेला आहे.

प्रायोजकांचा पैसा मात्र मुख्यतः मोठ्या त्रियोंकडे जातो. ब्लोको आफ्रोंना अनेकदा उशिराची वेळ मिळते, म्हणजे थेट प्रक्षेपण आणि गर्दी दोन्ही ओसरल्यावर.